त्सेंदेनची पूर्वेकडची बाजू

चेंचो लग्न करून ग्येमच्या घरी राहायला आला तेव्हा त्याच्याकडे अंगावरचा घो हा अंगरखा, एक कोयता आणि वेताच्या टोपलीत ओल्या शेवाळात गुंडाळलेलं वीतभर रोप एवढंच होतं. कोयत्याचं कुणाला नवल वाटलं नाही. रोप पाहून सासूनं टोपलीचं झाकण पुन्हा लावलं आणि विचारलं, "जावईबापू, देवळाची वाट चुकलात की काय?"

त्सेंदेन हे देवळापुढचं झाड. किल्ल्याच्या तटाखाली, जुन्या मठांच्या अंगणात ते शोभतं. बारा महिने हिरवं, निळसर झाक असलेलं, आणि प्रत्येक फांदीवरून पानं दोऱ्यांसारखी खाली लोंबणारी. घराच्या परसात ते कुणी लावत नाही. का, म्हणून विचारलं तर प्रत्येक म्हातारा वेगळं सांगेल. कुणी म्हणेल झाड वाढतं तसं घर खुजं होतं. कुणी म्हणेल मुळाशी नाग राहायला येतात आणि त्यांचं करता करता घरातली माणसं झिजतात. मला विचाराल तर खरं कारण जागेचं आहे. एवढ्या सावलीत दोन वाफे भात जातो, आणि भात सोडून सावली पिकवायला आमच्या खोऱ्यात कुणी वेडा नाही.

चेंचो होता. रोप त्यानं स्वतःच्या गावच्या देवळामागून आणलं होतं. तिथल्या मोठ्या झाडाखाली शेवाळात अशी रोपं आपोआप उगवतात आणि बकऱ्या खाऊन टाकतात. आईचं घर बहिणीला गेलं, रीतच आहे. घर, शेत, गाई हे सगळं आमच्याकडे लेकीचं. मुलगा बहिणीच्या घरातून निघतो आणि बायकोच्या घरात जाऊन पडतो. गावात सगळेच पुरुष घरजावई, त्यामुळं त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. वाटतो तो बायको गेल्यावर. पण लग्नाच्या दिवशी तेवढा पुढचा विचार कोण करतो? चेंचोला फक्त वाटलं, त्या घरात आपलं म्हणून काहीतरी असावं.

पहिलं रोप मेलं. त्यानं ते गोठ्याशेजारी लावलं आणि मायेपोटी इतकं शेण घातलं की दोन महिन्यांत तांबडं पडलं. सासू रोज सकाळी खिडकीतून वाकून बघायची आणि म्हणायची, "आज अजून थोडं मेलंय." तो पुन्हा आपल्या गावी गेला, दुसरं रोप घेऊन आला. या खेपेला पाटाच्या कडेला, जिथं जमीन कायम ओलसर पण पाणी साचत नाही, अशी जागा धरली. शेण घातलं नाही. ओकाची कुजलेली पानं घातली, भोवती बांबूचं कुंपण केलं. त्सेंदेनला पाय ओले लागतात आणि डोकं उन्हात लागतं. वारा मात्र सोसत नाही. खोऱ्यात दुपारी नदीवरून जो वारा सुटतो, त्यानं कोवळं झाड मुळातून हलतं आणि मग जन्मभर एका अंगाला कलतं. म्हणून त्याला काठी हवी. शेंडा तर पहिली काही वर्षं असा मान टाकून असतो की बघणाऱ्याला वाटावं, झालं, गेलं हेही.

"तुझं झाड तुझ्यासारखंच आहे," ग्येम म्हणाली. "मान वर करत नाही."

पण आपल्या जुन्या कमरपट्ट्याची एक पट्टी तिनंच फाडून दिली. सुतळीनं साल कापली जाते, हातमागाची पट्टी मऊ. चेंचोनं त्या पट्टीनं खोड बांबूला बांधलं. दर वर्षी भात कापून झाला की तो गाठ सोडायचा, जरा सैल करून पुन्हा बांधायचा. एवढं त्या घरात कुणालाही न विचारता तो करू शकायचा. बाकी गाय विकायची तर ग्येमला विचारा, तांदूळ उसना द्यायचा तर सासूला विचारा, आणि कुठल्या वाफ्यात आधी पाणी सोडायचं ते दोघींचं भांडण मिटेपर्यंत थांबा. ग्येम वाईट नव्हती. जीभ आईची होती, हात मात्र स्वतःचे होते, आणि त्या हातांनी तिनं नवऱ्याला कधी शिळं वाढलं नाही.

झाड उंच झालं. सासू गेली. झाड छपराच्या वर गेलं, आणि मग एक नवीनच गोष्ट सुरू झाली. सकाळच्या धुपाला त्सेंदेनची डहाळी लागते, पूजेला लागते, घरात मूल झालं की लागते. आधी लोक त्यासाठी वरच्या देवळापर्यंत चढून जायचे. आता ते ग्येमच्या परसात यायला लागले. आणि ग्येम म्हणायची, "मला नका विचारू. झाड यांचं आहे. चेंचोला विचारा."

मग लोक चेंचोला विचारायचे. "चेंचो आपा, एक डहाळी घेऊ का?" तो लगेच हो म्हणायचा नाही. आधी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात न्यायचा, झाडाकडे बघायचा, आकाशाकडे बघायचा, आणि मग स्वतः कोयता घेऊन जायचा. लोक हसायचे. "किल्लेदाराची परवानगी लवकर मिळेल, पण चेंचोची नाही." त्याला ते कळायचं आणि आवडायचं. माणसाला आयुष्यात काहीतरी असं हवं की ज्यासाठी लोकांनी त्याच्या दाराशी येऊन थांबावं. चेंचोचं तेवढंच होतं.

मुलगी एकच, यांगचेन. ती शिकायला राजधानीत गेली आणि तिथंच थिनले नावाच्या ठेकेदाराशी लग्न केलं. थिनले रस्ते बांधायचा. तोही म्हटला तर या घराचा घरजावईच, पण गाडीतून येणारा, आणि आल्या आल्या सासूच्या घराचं छप्पर पत्र्याचं करून देणारा. कोयता घेऊन आलेल्या जावयाला आणि पत्रा घेऊन आलेल्या जावयाला एकाच पाटावर कोण बसवतं? ग्येम थिनलेला लोण्यात तळलेली अंडी वाढायची. चेंचोला मिरच्या आणि चीज. त्याला मिरच्या आवडायच्या, हे खरं. तरी त्याचं ताटाकडे लक्ष जायचंच.

ग्येमचं दुखणं फार लांबलं नाही. पोटात काहीतरी होतं, डॉक्टरांनी नाव सांगितलं, चेंचोला ते म्हणता आलं नाही. ऊन पडलं की तो तिला पाठीवर घेऊन झाडाखाली आणायचा. एकदा तिथं बसल्या बसल्या त्यानं मनातलं विचारलं. एवढं विचारायला त्याला सगळा संसार जावा लागला.

"तू गेल्यावर माझं काय?"

"म्हणजे?"

"घर यांगचेनचं. थिनलेचं म्हण. मी कोण इथं?"

ग्येमनं लोंबणाऱ्या डहाळ्यांमधून वर बघितलं. "झाड तुझं आहे. मी यांगचेनला सांगून ठेवते. झाड जिथं, तिथं तू. या झाडाला कुणी हात लावायचा नाही आणि तुलाही इथून कुणी हलवायचं नाही."

"सांगशील?"

"माझ्या तोंडाला कधी कुलूप होतं का?"

नव्हतं. म्हणून तर त्याचा विश्वास बसला. पुढच्या महिन्यात ती गेली. यांगचेन शेवटचे आठ दिवस तिच्या उशाशीच होती. दार लावून मायलेकी काय बोलल्या ते चेंचोला माहीत नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नाही. सांगितलंच असणार, असं त्यानं धरून ठेवलं.

दिवसकार्य झालं, डोंगरावर तिच्या नावाची पांढरी निशाणं उभी राहिली. मग यांगचेन आणि थिनले दोघांनी ठरवलं की रस्त्याच्या वळणावर आईच्या नावानं स्तूप बांधायचा. पुण्याचं काम. गावानं वाहवा केली. चेंचोलाही बरं वाटलं. तो आपल्या गावच्या देवळात ग्येमच्या नावानं लोण्याचे दिवे लावायला गेला आणि चार दिवस बहिणीकडे राहिला. बहिणीनंही पाचव्या दिवशी विचारलं, "कधी निघतोस?"

परतताना नदीवरच्या पुलावरून त्यानं सवयीनं वर बघितलं. घर दिसत होतं. पत्र्याचं छप्पर, तीन खिडक्या, सगळं एकदम उघडं. त्याला आधी वाटलं आपण दुसऱ्याच घराकडे बघतोय.

वर पोचला तेव्हा परसात पिवळं खोदयंत्र उभं होतं. पाटाची कड सपाट केली होती, बुंधा मुळांसकट उपटून खाली ओढ्यात लोटला होता. खोड पलीकडे आडवं होतं, साल सोललेलं, ओलं. सगळ्या आवारात लिंबासारखा वास भरला होता. चेंचो त्या वासात उभा राहिला. काम करणारी पोरं बाहेरगावची, त्यांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

थिनले बाहेर आला. "आपा, आलात? बघा, किती सोपं झालं. आता गाडी थेट दारात येते. पाहुण्यांसाठी वर दोन खोल्या काढू, परदेशी लोक राहायला येतील. आणि लामा म्हणाले स्तूपाच्या आत मधोमध उभी करायला प्राणकाठी लागते, ती त्सेंदेनचीच उत्तम. एका दगडात दोन पक्षी."

"झाड माझं होतं," चेंचो म्हणाला.

थिनले हसला. वाईट मनानं नाही, लहान मूल काही बोललं की हसतात तसा. "आपा, वनखात्याचा तोडणीचा कागद यांगचेनच्या नावावर आला. जमीन तिची ना?"

चेंचो आत गेला. यांगचेन चुलीपाशी होती. "तू सांगितलं नाहीस मला."

"तुम्ही नव्हता. यंत्र दोनच दिवस मिळणार होतं. आणि आईसाठीच आहे ना, आपा? आईपेक्षा झाड मोठं का?"

 त्यानं एकच विचारलं. "आई तुला काही बोलली होती? झाडाबद्दल?"

यांगचेननं विस्तवात लाकूड सारलं. ते आधीच नीट होतं. "नाही," ती म्हणाली.

 चेंचोला मुलीचा राग आला, जावयाचा तर आलाच, पण सगळ्यात खोल राग आला तो ग्येमचा. त्या बाईनं आयुष्यभर गावातल्या प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट सांगितली. कुणाची गाय आटली, कुणाची सून आळशी, सगळं. एक गोष्ट त्याच्यासाठी सांगायची होती, तेवढी राहिली. झाडाखाली बसून नुसता गोड शब्द दिला, कारण पाठीवर घेऊन आणणारा नवरा हवा होता. असं तो मनात म्हणायचा, आणि जितक्या वेळा म्हणायचा तितकं ते खरं होत जायचं. त्याचं अंथरूण आता खाली, धान्याच्या खोलीत होतं. वरची खोली पाहुण्यांसाठी निघाली होती.

स्तूपाचं काम कंबरेपर्यंत आलं तेव्हा लामा प्राणकाठी बघायला आले. लामा म्हातारे, शांत, पण रीतीच्या बाबतीत कडक. त्यांनी लाकडावर हात फिरवला, वास घेतला, खूश झाले. मग विचारलं, "पूर्वेची खूण कुठं आहे?"

थिनलेनं यांगचेनकडे बघितलं.

प्राणकाठी झाड जसं उभं होतं तशीच उभी करायची असते. मुळाकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर, आणि झाडाची जी बाजू उगवतीकडे होती ती उगवतीकडेच. म्हणून तोडण्याआधी सालीवर खूण करतात. आमच्याकडच्या पोराटोरांना हे ठाऊक आहे. बाहेरगावच्या पोरांना नव्हतं, आणि थिनले त्या दिवशी यंत्राच्या मागं होता. साल सोलली, बुंधा ओढ्यात गेला आणि पुरात वाहून गेला. वर खाली कुठलं ते जाडीवरून कळत होतं. पूर्व कुठली हे कळायला काही राहिलं नव्हतं.

"उलटी बसली तर?" थिनलेनं विचारलं.

"ज्याच्या नावानं बांधला त्याची वाट उलटी होते," लामा म्हणाले. "पुण्य करायला निघालात आणि तिला पाठमोरी उभी कराल. त्यापेक्षा दुसरं झाड बघा."

दुसरं त्सेंदेन आणणार कुठून? देवळाच्या झाडाला कुणी हात लावू देणार नाही. यांगचेन रडायला लागली. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, धान्याच्या खोलीत राहणारा एक म्हातारा आहे. अडला हरी म्हणतात ते असं. थिनले स्वतः खाली आला, दाराशी वाकला.

"आपा, तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. तुम्हीच सांगा."

किती दिवसांनी कुणीतरी चेंचोला विचारत होतं. त्यानं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. तो बाहेर आला, सगळे बाजूला झाले. त्यानं लाकडाकडे नुसतं बघितलं आणि त्याला कळलं. एका अंगाला, छातीच्या उंचीवर, एकमेकींना लागून दोन गाठी होत्या. यांगचेन जन्मली त्या वर्षी तिची दुपटी वाळायला सकाळचं ऊन मिळेना, म्हणून त्यानंच नदीकडच्या दोन फांद्या छाटल्या होत्या. नदी पूर्वेला. त्याला शंका नव्हती.

यांगचेन हात जोडून उभी होती. लामा हातात शेंदरी रंगाची काडी घेऊन थांबले होते. चेंचोला वाटलं, आता विचारता. तोडताना कुणी नाही विचारलं. आणि तू, ग्येम, तू तर सांगायचं कबूल करून गेलीस.

तो लाकडाला वळसा घालून पलीकडे गेला आणि गाठींच्या बरोबर उलट बाजूला तळहात ठेवला.

"ही," तो म्हणाला.

"नक्की?"

"मी लावलंय ते, लामा."

लामांनी तिथं खूण केली. सुतारानं लाकूड चौकोनी तासलं, त्यावर मंत्र लिहिले, पिवळ्या रेशमात गुंडाळलं. शुभ दिवशी ते स्तूपाच्या पोटात उभं केलं, भोवती धान्य, धूप, ग्येमची चांदीची टाचणी ठेवली, आणि वरून दगड बसवून बंद केलं. एकदा बंद केलेला स्तूप उघडत नाहीत. उघडणं म्हणजे चोराचं काम, आणि त्या पापाला आमच्याकडे माफी नाही. गावजेवण झालं. थिनलेनं स्वतःच्या हातानं चेंचोला घरी गाळलेली आरा वाढली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आपा नसते तर काम अडलं होतं." लोकांनी माना डोलावल्या. चेंचो प्यायला. मुलगी, जावई, मेलेली बायको, सगळ्यांना पुरून उरल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि ते त्याला गोड लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांगचेन त्याचं अंथरूण उचलायला आली. "वर चला, आपा. पाहुण्यांच्या खोलीत तुम्हीच राहायचं. मी थिनलेला सांगितलंय."

"कशाला? इथं बरं आहे."

ती गादी हातात धरून तशीच उभी राहिली. मग खाली बसली.

"आपा, मी तुमच्याशी खोटं बोलले. आई बोलली होती. शेवटचे आठ दिवस तिचं तेच चाललं होतं. झाड आपांचं, आपांना हलवायचं नाही, शपथ घे. माझ्याकडून शपथ घेववली तिनं. श्वास लागत नव्हता तरी बोलत होती. थिनलेनं यंत्र सांगून ठेवलं होतं, माझ्यानं त्याला नाही म्हणवलं नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा..." तिनं बाहीच्या टोकानं नाक पुसलं. "आणि तुम्ही एवढं होऊनही लामांना पूर्व नीट सांगितलीत. तुम्हाला काहीही सांगता आलं असतं. मला रात्रभर झोप नाही. मला माफ करा."

चेंचो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं आपा रागावले. तिनं दोनदा विचारलं.

"नाही रागावलो," तो म्हणाला. "अंथरूण वर ने."

ती गेल्यावर तो घो नीट करून वळणाकडे गेला. स्तूप अजून ओला होता, चुन्याचा वास येत होता. लामा जायच्या तयारीत, बांधकामाच्या फळ्यांवर बसून चहा पीत होते. चेंचो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"लामा, एक विचारायचं होतं. समजा, एखाद्यानं मुद्दाम उलटी बाजू सांगितली. तर त्याला काही उपाय?"

"मुद्दाम?"

"समजा."

लामांनी कप खाली ठेवला आणि थोडा विचार केला. "उपाय मला तरी माहीत नाही, चेंचो आपा. असं झाल्याचं कधी ऐकलंच नाही. चुकून होतं. मुद्दाम तर माणूस वैऱ्याच्या स्तूपालाही करणार नाही. आपल्या माणसाला कोण करेल?"

"खरं आहे," चेंचो म्हणाला.

तेव्हापासून तो रोज सकाळी स्तूपाला फेऱ्या घालतो. गुडघे गेलेत, तरी घालतो. रस्त्यावरून जाणारे गाडी हळू करतात, एकमेकांना दाखवतात, म्हणतात, बायकोवर माया असावी तर अशी. काही जण उतरून त्याच्या पायाही पडतात. तो कुणाला अडवत नाही.